अमेरिकेत घरच्या इंटरनेटसाठी स्वतःचा केबल मोडेम घ्यायचाय, कोणता घेऊ?

नेपरव्हिलकर

नमस्कार मंडळी,

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहतो. घरी कॉमकास्टचं, म्हणजे एक्सफिनिटीचं इंटरनेट आहे. प्लॅन जुना, ५०० एमबीपीएसचा. बिलात उपकरणाचं भाडं म्हणून दर महिन्याला १५ डॉलर वेगळे लागतात, म्हणजे वर्षाचे १८०. तेवढ्यात स्वतःचा मोडेम येतो असं ऑफिसात बरेच जण म्हणतात.

दुकानात जाऊन बघितलं तर साठ डॉलरपासून तीनशेपर्यंत सगळं आहे. खोक्यांवर '३२ बाय ८', 'डॉक्सिस ३.१', 'गिगाबिट' असं काय काय लिहिलेलं. केबलवरून इंटरनेट घेणारा मोडेम आणि घरभर वायफाय देणारा राउटर एकाच खोक्यात घ्यावा की वेगवेगळा?

घर दुमजली आहे, केबल तळघरात येते. बायको घरून काम करते, तिचे दिवसभर व्हिडिओ कॉल असतात. मुलगा ऑनलाइन खेळतो. मे महिन्यात सांगलीहून सासू-सासरे येतायत, त्यांच्या मालिका आणि क्रिकेट धरून चाला. ज्यांनी स्वतःचा घेतलाय त्यांनी प्लीज अनुभव सांगा.

वेलदोडा

आधी बिल नीट बघा, मोडेमचं नंतर. कॉमकास्टने २०२५ च्या जूनमध्ये नवे प्लॅन काढले, त्यात गेटवे (मोडेम आणि राउटर एकत्र असलेलं कंपनीचं खोकं) आणि अमर्याद डेटा किमतीतच धरलाय. तुमचा जुना प्लॅन आहे आणि भाडं वेगळं लागतंय, म्हणून तुमच्या प्रश्नाला अर्थ आहे. नव्या प्लॅनवर गेलात तर भाड्याची ओळच नाही, मग वाचणार काय? दोन्ही हिशेब शेजारी मांडून बघा. एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत किंमत, वेग, डेटाची मर्यादा आणि इतर आकार दाखवणारं एफसीसीचं (अमेरिकेतल्या दूरसंचार नियामकाचं) लेबल द्यावं लागतं. त्यावरून तुलना सोपी पडते.

शार्लटवासी

आमच्याकडे स्पेक्ट्रम ही केबल कंपनी. मोडेमचं भाडं घेतच नाहीत, फक्त त्यांचा वायफाय राउटर घेतला तर पैसे. आम्ही मोडेम त्यांचा ठेवलाय आणि राउटर आपला. स्पेक्ट्रमवाल्यांनी मोडेमवर पैसे घालू नयेत.

तारायंत्री

याच क्षेत्रात काम करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

डॉक्सिस म्हणजे टीव्हीच्या केबलवरून डेटा पाठवायची प्रमाणित पद्धत. कोलोरॅडोतल्या केबललॅब्सने १९९७ मध्ये पहिली आवृत्ती काढली, ३.० आली २००६ मध्ये आणि ३.१ आली २०१३ मध्ये. ३.० मध्ये ६ मेगाहर्ट्झच्या बऱ्याच वाहिन्या (तारेतले वेगवेगळे लहरपट्टे) एकत्र जोडून वेग मिळवतात. एका वाहिनीवर साधारण ३८ एमबीपीएस सुटतात. '३२ बाय ८' म्हणजे डाउनलोडच्या ३२ वाहिन्या आणि अपलोडच्या ८. कागदावर ते १२०० एमबीपीएसच्या वर जातं, म्हणून खोक्यावर 'गिगाबिट' (१००० एमबीपीएस) छापतात. पण त्याच वाहिन्या तुमच्या गल्लीतली सगळी घरं वापरतात. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले की ३.० वाल्याच्या वाट्याला काय उरतं ते बघा.

३.१ मध्ये रुंद पट्टा एकसंध वापरतात, प्रत्येक संकेतात जास्त बिट बसतात (३.० मध्ये ८, ३.१ मध्ये १२ पर्यंत), आणि चुका दुरुस्त करायची पद्धतही कितीतरी बरी आहे. त्यामुळे प्लॅन ५०० चा असला तरी ३.१ च घ्या. साठ-सत्तर डॉलरला मिळतात ते बहुतेक ३.० चे. आज त्यात पैसे घालणं मला पटत नाही.

आता नावं. अ‍ॅरिस एसबी८२०० चांगला, जुना आणि भरवशाचा, पण त्याचे पोर्ट (राउटरची तार लावायच्या खाचा) १ गिगाबिटचे, म्हणजे एका पोर्टवर प्रत्यक्षात ९४० च्या आसपास. ५०० ला भरपूर झालं. पुढे गिगाबिटच्या वर जायचा विचार असेल तर २.५ गिगाबिटचा पोर्ट हवा: अ‍ॅरिस एस३३, मोटोरोला एमबी८६११, नेटगिअर सीएम२०००.

आणि तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अपलोड. व्हिडिओ कॉलमध्ये आपला चेहरा आणि आवाज अपलोडवरून जातो. केबल कंपन्या आता अपलोडचा पट्टा वाढवतायत. पूर्वी ४२ मेगाहर्ट्झपर्यंत होता, कॉमकास्ट तो बऱ्याच शहरांत ८५ पर्यंत नेतेय. पण वाढीव अपलोड प्रत्येक विकतच्या मोडेमवर मिळत नाही. त्यासाठी अ‍ॅरिस एस३४, नेटगिअर सीएम३०००, हिट्रॉन कोडा५६ यांसारखे मोडेम लागतात. कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पत्ता आणि प्लॅन टाकला की मान्य मोडेमची यादी दिसते. दुकानदाराचं ऐकू नका, यादी बघा.

मोगरी

तारायंत्री, फार छान समजावलंत. खोक्यावरचे आकडे पहिल्यांदा कळले.

अण्णा_सॅनहोजे

मी उलट बाजूने लिहितो. भाडं देणं काही वेडेपणा नाही. मोडेम बिघडला की कंपनीच्या दुकानात नेऊन टाकायचा, दुसरा घेऊन यायचा. स्वतःचा असला की फोनवरचा माणूस पहिलं वाक्य म्हणतो, "मोडेम तुमचा आहे, आम्ही काही करू शकत नाही." मग तो मोडेमवाल्याकडे बोट दाखवणार, मोडेमवाला केबलवाल्याकडे. ज्यांना वायरींचा कंटाळा आहे त्यांनी शांतपणे १५ डॉलर द्यावेत.

शिवाय जिथे महिन्याला १.२ टीबी (१२०० जीबी) डेटाची मर्यादा आहे तिथला हिशेब वेगळा. जुन्या प्लॅनवर अमर्याद डेटा हवा असेल तर स्वतःच्या मोडेमवर त्याचे ३० डॉलर पडतात, आणि त्यांचा गेटवे घेतला तर गेटवे आणि अमर्याद डेटा मिळून २५ मध्ये मिळायचं. म्हणजे जास्त डेटा लागणाऱ्याला स्वतःचा मोडेम महाग!

वेलदोडा

अण्णांचा डेटाचा मुद्दा एकदम बरोबर, तो बरेच जण विसरतात. १.२ टीबी म्हणजे दिवसाला साधारण ४० जीबी. फोर-के चित्र तासाला ७ जीबीपर्यंत खातं, साधं एचडी ३ च्या आसपास. नेपरव्हिलकर, तुमच्या खात्यात मागच्या महिन्यांचा वापर दिसेल, तो बघूनच ठरवा.

नेपरव्हिलकर

वापर बघितला. ७०० जीबीच्या वर कधी गेलेलो नाही. पण सासू-सासरे आल्यावर?

मोगरी

सासूबाईंच्या मालिका एचडीत चालतात हो, फोर-के लागत नाही. पण मालिका ऐन मोक्याच्या प्रसंगी अडकली तर जावईबापूंचा जो उद्धार होईल त्याला कुठलाच प्लॅन पुरणार नाही. (दिवे घ्या!)

खेळगडी

मुलगा ऑनलाइन खेळतो असं लिहिलंय, म्हणून एक सूचना. अ‍ॅरिस एसबी६१९० आणि नेटगिअर सीएम७०० हे दोन मोडेम जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. दोन्ही ३२ बाय ८. त्यात इंटेलची प्युमा ६ ही चिप आहे. २०१६ च्या अखेरीस तिचा दोष उघडकीला आला: डेटा मधूनच क्षणभर रेंगाळतो. वेगाची चाचणी केली तर आकडा झकास येतो, पण खेळात झटके बसतात आणि कॉलवर आवाज तुटतो. अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावेही झाले. ब्रॉडकॉमची चिप असलेला घ्या. एसबी८२०० मध्ये तीच आहे.

तारायंत्री

खेळगडी +१. वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओ कॉलला ५-१० एमबीपीएस पुष्कळ होतात, पण विलंब एकसारखा राहायला हवा. म्हणून नुसता मोठा आकडा बघून घेऊ नये.

म्युनिचकर_मावशी

आमच्या जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे की ग्राहकाने आपल्या पसंतीचं उपकरण लावावं आणि कंपनीने लागणारी माहिती मुकाट्याने द्यावी. इथे निम्म्या घरांत फ्रिट्झबॉक्स दिसतो, केबलसाठी ६६९० केबल. मोडेम, राउटर, बिनतारी फोनचा तळ सगळं एकातच. मला तरी एकच खोकं आवडतं, धूळ पुसायला एक कमी.

लंडनचा_बंड्या

मावशी, तुमचं बरंय. इथे व्हर्जिन मीडियाच्या केबलवर त्यांचाच हब (मोडेम-राउटर एकत्र) लावावा लागतो. फार तर तो 'मोडेम मोड'मध्ये टाकून मागे आपला राउटर जोडायचा.

तारायंत्री

एकच खोकं की दोन, याबद्दल माझं मत ठाम आहे: वेगळे घ्या. वायफायचं तंत्र दर तीन-चार वर्षांनी बदलतं, मोडेमचं तितक्या वेगाने बदलत नाही. एकत्र घेतलं की वायफाय जुनं झालं म्हणून चांगला चाललेला मोडेमही टाकावा लागतो. दुसरं म्हणजे केबल मोडेमचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) फक्त केबल कंपनीकडून येतं, ते आपल्याला बदलता येत नाही. राउटरचं आपण करू शकतो, आणि सुरक्षेसाठी ते वेळच्या वेळी करायलाच हवं. तिसरं, मोडेमला केबल जिथे येते तिथेच बसावं लागतं. तळघरातून दुसऱ्या मजल्यावर वायफाय नीट पोचणार नाही. मोडेम खाली ठेवा, इथरनेटची तार वर न्या आणि राउटर घराच्या मध्यावर ठेवा.

मावशींच्या घरी एक खोकं पुरत असेल तर उत्तमच, फ्रिट्झबॉक्स चांगल्या दर्जाचा असतो. पण अमेरिकेतल्या लाकडी दुमजली घराला मी वेगळेच सुचवेन.

पौडरोडकर

पुण्याहून वाचतोय. आम्ही दहा-बारा वर्षांपूर्वी हॅथवेचा केबल मोडेम वापरला, डॉक्सिस ३.० चाच. आता सोसायटीत फायबर आलं, कंपनीच ओएनटी (फायबरसाठीचा मोडेमसारखा डबा) लावून देते आणि विषय संपतो. अमेरिकेसारख्या देशात अजून टीव्हीच्या तारेवरून इंटरनेट कसं काय चालतं?

वेलदोडा

पौडरोडकर, अमेरिकेत केबल टीव्ही १९४८ पासून आहे. डोंगराआडच्या गावांना अँटेनावर चित्र येईना, म्हणून एक उंच अँटेना लावून तारेने घरोघर चित्र नेलं. पुढच्या काही दशकांत कोट्यवधी घरांत जाड कोॲक्स तार पोचली, कित्येक ठिकाणी जमिनीखालून. ती उकरून फायबर टाकायला प्रचंड खर्च येतो. म्हणून कंपन्यांनी मधला मार्ग काढला: वस्तीपर्यंत फायबर, तिथून घरापर्यंत जुनी कोॲक्स.

आपल्याकडे केबलवाला आला तो १९९०-९१ च्या सुमारास, आखाती युद्धाच्या बातम्या आणि उपग्रह वाहिन्यांबरोबर. त्याने तारा गच्चीवरून गच्चीवर टाकल्या. त्याच वाटेने आता फायबर ओढणं स्वस्त पडतं. आपल्याकडे केबल मोडेम मधल्या काळात येऊन गेला, अमेरिकेत मुक्कामाला राहिला.

ठाणेकर_इन_टेक्सास

विषयांतर छान चाललंय. मूळ प्रश्नावर माझं मत: नेपरव्हिलकर, तुमच्या रस्त्यावर फायबर आलंय का ते आधी बघा. आमच्याकडे एटीअँडटीचं आलं आणि केबलचा विषय संपला. फायबरला केबल मोडेम लागतच नाही. दोनशे डॉलरचा घेतलात आणि सहा महिन्यांत फायबरकडे गेलात तर तो विकायला काढावा लागेल.

काटकसरी

विकायला काढणाऱ्यांकडूनच मी घेतो! निम्म्या किमतीत मिळतात.

तारायंत्री

जुना घेताना एक काळजी घ्या. प्रत्येक मोडेमला मॅक पत्ता (त्या उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) असतो आणि कंपनी त्यावरूनच तो ओळखते. आधीच्या मालकाच्या खात्यावर तो अजून नोंदलेला असेल किंवा मुळात कंपनीचा भाड्याचा, परत न केलेला असेल, तर तो तुमच्या नावावर चालू होणार नाही. पैसे देण्याआधी कंपनीला फोन करून मॅक पत्ता वाचून दाखवा आणि हो म्हणाले तरच घ्या.

डेट्रॉइटची_आजी

लॅंडलाइनबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमचा घरचा फोन केबलवरूनच चालतो. सूनबाईंनी मोडेम बदलायचं काढलं तेव्हा मीच विचारलं, फोनची तार कुठे लावणार? साध्या मोडेमला फोनची खाच नसते. म्हाताऱ्या माणसांना ९११ साठी (तातडीच्या मदतीचा क्रमांक) घरचा फोन लागतो, दर वेळी मोबाइल सापडतोच असं नाही. ज्यांच्याकडे असा फोन आहे त्यांनी नेटगिअरच्या सीएम२०५०व्ही सारखा फोनची खाच असलेला घ्यावा, नाहीतर भाड्याचाच ठेवावा. आणि वीज गेली तर फोन चालू राहील का, हेही विचारावं.

मोगरी

आजी, हे तुम्हालाच सुचू शकतं. आईच्या घरी धोक्याच्या घंटेची यंत्रणाही फोनच्या तारेवर आहे, तिथे हे लक्षात ठेवीन.

गावाकडचा_वायरमन

तुम्ही सगळे मोडेमच्या नावांवर बोलताय. मी गेली कित्येक वर्षं न्यू जर्सीत घरोघरी केबलची कामं करतो. लोक नवा मोडेम आणतात आणि तरी इंटरनेट तुटतं, कारण दोष तारेत असतो.

तळघरात जा आणि स्प्लिटर (एका तारेचे अनेक फाटे करणारी डबी) शोधा. जुन्या घरात पाच टीव्ही होते म्हणून कुणीतरी आठ तोंडांचा स्प्लिटर लावलेला असतो, त्यातली सहा तोंडं मोकळी. एका नळाला आठ तोट्या लावल्या तर धार कशी येईल? दोन तोंडांचा स्प्लिटर साधारण ३.५ डीबी (डेसिबल) संकेत खातो, चार तोंडांचा ७. टीव्हीला केबल लागत नसेल तर स्प्लिटर काढून तार थेट मोडेमला द्या. लागत असेल तर दोन तोंडांचा लावा आणि एक तोंड मोडेमला.

जोडणीचे पितळी नट हाताने फिरतात का ते बघा. फिरत असले तर पान्याने हलकेच आवळा, जोर लावू नका. भिंतीतली तार आरजी५९ असेल तर ती बदलून आरजी६ घाला. तारेवरच छापलेलं असतं.

मग मोडेमचं पान उघडा: ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका. डाउनलोडच्या संकेताची ताकद उणे ७ ते अधिक ७ च्या आत हवी, संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर ३३ डीबीच्या वर हवं. अपलोडची ताकद ५० च्या आसपास गेली तर मोडेमला पार ओरडून बोलावं लागतंय असं समजा. आकडे या मर्यादेत नसतील तर कंपनीचा माणूस बोलवा. बाहेरच्या तारेची जबाबदारी त्यांची, मोडेम कुणाचाही असो.

अण्णा_सॅनहोजे

वायरमनभाऊ, शेवटचं वाक्य फार कामाचं. फोनवर "मोडेम तुमचा आहे" म्हणाले की हे आकडे वाचून दाखवायचे. हे हाताशी असेल तर माझा आक्षेप बराच कमी होतो.

नेपरव्हिलकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आठ तोंडांचा स्प्लिटर खरंच सापडला! वायरमनभाऊंनी आमचं तळघर न बघता ओळखलं. काढून टाकला, तार थेट जोडली. भाड्याच्याच गेटवेवर अपलोडची ताकद ४९ होती ती ४१ वर आली, आणि आज दिवसभरात बायकोचा एकही कॉल तुटला नाही.

फायबरची चौकशी केली, आमच्या रस्त्यावर अजून नाही. वापर १.२ टीबीच्या बराच खाली. घरचा फोन नाही. पत्ता टाकून यादी बघितली, वाढीव अपलोड आमच्या भागात आलंय. म्हणून अ‍ॅरिस एस३४ मागवतोय. राउटर वेगळा, दुसऱ्या मजल्याच्या जिन्याशी. स्वतःचा लावल्यावर भाड्याचा गेटवे परत करताना काय काळजी घ्यायची?

काटकसरी

दुकानात हातोहात द्या, अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या, तिचा फोटो काढून ठेवा. माझ्या कंपनीने (नाव घेत नाही) परत केल्यावरही भाडं लावणं चालूच ठेवलं होतं. डिसेंबर २०१९ च्या टेलिव्हिजन व्ह्यूअर प्रोटेक्शन ॲक्टप्रमाणे, जो डिसेंबर २०२० पासून लागू आहे, ग्राहक स्वतःचं उपकरण वापरत असेल तर त्याला भाडं लावता येत नाही. फोनवर दाद लागली नाही तर एफसीसीच्या संकेतस्थळावर तक्रार टाका. फुकट आहे, आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी टाकली, पैसे परत आले.

तारायंत्री

क्रम असा ठेवा: नवा मोडेम ॲपवरून चालू करा, दोन-तीन दिवस वायरमनभाऊंनी सांगितलेले आकडे बघा, कॉल करून बघा, मगच जुना परत करा. आणि एस३४ चे आकडे इथे टाका, अपलोडच्या वाहिन्या किती जुळल्या ते मला बघायचंय.

नेपरव्हिलकर

नक्की. शुक्रवारी येतोय, शनिवारी आकडे टाकतो.